‘बनगरवाडी’ : आधी वाचावी की पाहावी?

भाचीचा निरोप आला, “मावशी, बनगरवाडी वाचू की सिनेमा पाहू? परीक्षेआधी एकालाच वेळ आहे.” गेल्या पंधरवड्यात मी दोन्हीकडे पुन्हा वळले होते, कादंबरीकडे तिसऱ्यांदा आणि चित्रपटाकडे दुसऱ्यांदा. त्यामुळे उत्तर तयार होतं, पण ते दोन ओळींत मावेना.

व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी १९५५ची, दीडशेच्या आतल्या पानांची. अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५चा, म्हणजे बरोबर चाळीस वर्षांनंतरचा. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. दोन्हीकडे गोष्ट एकच. औंध संस्थानातल्या माणदेशात धनगरांची एक वाडी, आणि तिथे बदलून आलेला पोरसवदा शाळामास्तर. नायक-नायिका, खलनायक, शेवटचा उलगडा असलं काही शोधणाऱ्याने दोन्हीच्या वाटेला जाऊ नये. इथे वाडी हीच नायक आहे. माणसं येतात, आपापली अडचण सांगतात, निघून जातात.

मला विचाराल तर पुस्तक आधी, आणि याचं कारण आहे मास्तरांचा आवाज. राजाराम विठ्ठल सौंदणीकर ही सगळी हकिकत स्वतः सांगतो, पण स्वतःबद्दल फारच थोडं बोलतो. छोटी वाक्यं, साधी क्रियापदं, विशेषणं जेमतेम. माडगूळकर चित्रकारही होते आणि ते पानोपानी जाणवतं. दोन रेघांत माणूस उभा करायचा आणि हात थांबवायचा. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी, सतत खुसपट काढणारा दादू बालट्या, ही मंडळी पुस्तक मिटल्यावरही घरात वावरत राहतात.

वाडीतल्या शेकूचाच प्रसंग घ्या. पेरणी तोंडावर आलेली, औताला जोडी हवी आणि बैल एकच. दुसऱ्या बाजूला जू खांद्यावर घेते त्याची बायको. या जागी लेखक गळा काढत नाही, गरिबीवर भाष्यही करत नाही. मास्तर बघतो आणि आपण त्याच्याबरोबर बघतो. तिन्ही वाचनांत मी तिथे पुस्तक उपडं ठेवून थोडा वेळ उठले आहे. ही सोय चित्रपटात नाही. पडद्यावरचं दृश्य तुमच्यासाठी थांबत नाही, पुढचं लगेच सुरू होतं. या एका कारणासाठीसुद्धा मी पुस्तकाला झुकतं माप देईन.

दुष्काळाचंही तसंच. वाचताना तो हळूहळू, पानापानाने जवळ येतो. आधी आभाळाकडे लागलेले डोळे, मग मेंढरांची दैना, मग माणसांची हलवाहलव. दोन तासांत हा काळ दाखवायचा तर तो आक्रसणारच, त्याचा दोष मी कुणाला देत नाही.

मग चित्रपट कशासाठी पाहायचा? एका गोष्टीसाठी नक्की, आणि ती मला या खेपेलाच कळली. पुस्तकात ‘मी’ बोलत असल्यामुळे मास्तर किती कोवळा आहे, हे आपण विसरतो. त्याच्या डोळ्यांनी बघताना तो स्वतः दिसतच नाही. चित्रपटात चंद्रकांत कुलकर्णींचा मास्तर त्या मुंडाशांच्या घोळक्यात उभा राहिला आणि माझ्या मनात आलं, अरे, हा तर पोरगाच आहे! याच्या शब्दावर ही माणसं व्यायामासाठी तालीम बांधायला निघाली? तालमीसाठी अख्ख्या वाडीने राबणं आणि खुद्द औंधच्या राजांना बोलावणं, यातलं धाडस मला पडद्यावर जास्त जाणवलं. राजे म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधी, गावोगाव सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे. त्यांच्या संस्थानात तालीम उभारायचं मास्तरच्या मनात यावं, यात नवल नाही.

दुसरा फायदा भूमीचा. शहरात वाढलेल्या वाचकाला ‘माळ’ म्हटलं की हिरवं मैदान दिसतं. माणदेशातला माळ म्हणजे काय, तिथे सावली किती दुर्मीळ असते, हे चित्रपट न बोलता सांगतो. वनराज भाटियांचं संगीतही उगाच लगट करत नाही.

भाषेमुळे अडखळणाऱ्यांसाठी मात्र माझा सल्ला उलटा आहे. कादंबरीतलं निवेदन सोप्या प्रमाण मराठीत आहे, पण संवाद माणदेशी बोलीतले. इंग्रजी शाळेत शिकलेल्या किंवा परदेशात वाढलेल्या मुलांना ते छापील रूपात जड जातात, कानावर पडले की एकदम उमगतात. त्यांनी चित्रपट बेलाशक आधी पाहावा. चेहरे ओळखीचे झाले की पुस्तक सरसर पुढे जाईल. एकच अडचण, मग कारभारी म्हटलं की पडद्यावरचाच कारभारी दिसणार, तुमचा स्वतःचा तयार व्हायचा राहून जाणार. मला ते नुकसान मोठं वाटतं.

आणि दोन्ही करणार असाल तर लागोपाठ नको, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. मी मागच्या वेळी पुस्तक संपवून त्याच रात्री चित्रपट लावला आणि दोन तास काय गाळलं, काय बदललं, एवढंच मोजत बसले. चित्रपट पाहिलाच नाही म्हणा ना. या खेपेला आधी चित्रपट आणि दहा दिवसांनी पुस्तक असं केलं, तर दोन्ही मनापासून भावली.

भाचीला माझी जुनी प्रत पाठवून दिली. संवाद अडले तर मोठ्याने वाच, असं सांगितलं होतं. काल रात्री तिचा फोन आला. ती शेकूच्या शेतापर्यंत पोचली होती आणि बराच वेळ काही बोललीच नाही. चित्रपट आम्ही दिवाळीत एकत्र पाहणार आहोत.