माशाच्या तेलाऐवजी शेवाळाचं तेल : चार महिने घेऊन बघितलं

फिश ऑइलच्या कॅप्सूल मी सहा-सात वर्षं घेतल्या आणि गोळी घेतल्यावर तासाभराने येणारा तो माशाचा ढेकर एवढी वर्षं सहन केला. चार महिन्यांपूर्वी अल्गी ऑइल म्हणजे शेवाळाच्या तेलावर आले, दोन डबे संपले तिसरा चालू आहे, म्हणून आता लिहितेय. ढेकर पूर्ण बंद. एक कॅप्सूल मुद्दाम फोडून चाखली तर हलकी खारट चव आली, ओल्या पाल्यासारखी, पण तो जुन्या माशाचा खवट वास अजिबात नाही. कॅप्सूलचं वरचं कवच पण जिलेटिनचं नाहीये, स्टार्चचं आहे, त्यामुळे शाकाहारी माणसाला बिनधास्त चालेल.

पण मी बदलले त्याचं खरं कारण वेगळंच आहे. आपण ओमेगा ३ या चांगल्या चरबीसाठी मासा मासा करतो ना, पण मासा स्वतः ते फारसं बनवतच नाही. ते बनवतं समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ, ते खातात बारीक जीव, त्यांना खातात छोटे मासे, आणि असं करत करत ते माशाच्या चरबीत साठतं. मग मधल्या सगळ्यांना ओलांडून थेट शेवाळाकडेच का जाऊ नये?

कारण मधले जे आहेत त्यांची अवस्था वाईट आहे हो. जगातल्या फिश ऑइलचा मोठा भाग पेरूच्या किनाऱ्यावरच्या अँकोव्हेटा नावाच्या वीतभरही नसलेल्या माशातून येतो. १९७० साली हा मासा १.२ कोटी टनांच्या वर पकडला गेला आणि मग १९७२ च्या एल निनोत, आधीच इतका उपसा झालेला असताना, सगळं कोसळलं, मासेमारी तर बसलीच पण त्यावर जगणारे समुद्रपक्षी पण उपाशी मेले. २०२३ मध्ये परत तेच भय, चाचणीच्या जाळ्यात पिल्लंच जास्त निघाली म्हणून पेरू सरकारने वर्षाचा पहिला हंगामच रद्द केला. आणि क्रिल या कोळंबीसारख्या बारीक जीवाचं तेल, क्रिल ऑइल, म्हणाल तर ते अंटार्क्टिकातून येतं, तिथे देवमासे आणि पेंग्विन त्याच क्रिलवर जगतात. तिथल्या मुख्य भागात ६.२ लाख टनांची मर्यादा आहे, २०२५ च्या ऑगस्टमध्येच ती भरली आणि हंगाम वेळेआधी थांबवावा लागला. हे वाचल्यावर मला क्रिलची ती लाल कॅप्सूल हातात धरवेना.

शेवाळाचं तेल बंद स्टीलच्या टाक्यांत तयार होतं, बहुतेक वेळा स्किझोकायट्रियम नावाचा सूक्ष्मजीव वापरतात, त्याला साखर खायला घालतात आणि तो अंगात तेल साठवतो. समुद्राला हात लावायची गरजच नाही, माशांत साठणाऱ्या पाऱ्याची भीती पण नाही. ती साखर शेतातून येते हे खरं, म्हणजे पर्यावरणाचा खर्च शून्य नाही, पण अँकोव्हेटाची पिल्लं तरी जाळ्यात जात नाहीत. आणि अंगाला लागतं का हा प्रश्न मलाही होता, तर २००८ च्या एका छोट्या अभ्यासात ३२ निरोगी लोकांना दोन आठवडे शेवाळाच्या कॅप्सूल किंवा शिजवलेला सॅल्मन दिला, रक्तातलं डीएचए, म्हणजे कामाचं एक ओमेगा ३, दोन्हीकडे सारखंच वाढलं. जवस खाऊन हे होत नाही बरं का, जवसातल्या एएलए या वेगळ्या ओमेगा ३ चं आपल्या शरीरात डीएचए अगदीच थोडं बनतं.

आता तक्रारी. डब्यावर पुढे मोठ्या अक्षरात १००० मिग्रॅ, आणि मागे बारीक अक्षरात डीएचए किती, ते त्याच्या निम्मं पण नाही! पुढचा आकडा तेलाचा असतो, कामाच्या वस्तूचा नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मोठ्यांसाठी रोज ईपीए (हे दुसरं कामाचं ओमेगा ३) आणि डीएचए मिळून २५० मिग्रॅ सांगितलंय, तर मागचा आकडा बघूनच घ्या. दुसरं म्हणजे माझ्या डब्यात ईपीए जवळजवळ नाहीच, साध्या अल्गी ऑइलमध्ये बरेचदा असंच असतं, दोन्ही असलेलं मुद्दाम शोधावं लागतं. कॅप्सूल मोठी आहे, गिळताना त्रास होतो. आणि फिश ऑइलपेक्षा महाग, ते आहेच.

फरक जाणवला का? प्रामाणिकपणे सांगते, अंगात काही वेगळं वाटलं नाही, आणि निरोगी माणसाला चार महिन्यांत वाटावं अशी ही गोष्टही नाही. हृदयाचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, जास्त डोसमध्ये हृदयाचे ठोके अनियमित व्हायचा धोका वाढतो, मग तेल माशाचं असो की शेवाळाचं.

तिसरा डबा संपला की ईपीए असलेला घेणार. फिश ऑइलकडे परत जाणार नाही. पाचपैकी चार तारे, एक कापला तो पुढच्या त्या मोठ्या आकड्यासाठी.