आमिर की अमीर? मुलाचं नाव ठरवताना

मुलासाठी ही दोन नावं यादीत असतील तर एक गोष्ट आधीच लक्षात घ्या: ही एकाच नावाची दोन रूपं नाहीत. अरबीत आमिर ‘ऐन’ या अक्षराने सुरू होतं, अमीर ‘अलिफ’ या अक्षराने. आपल्या बोलण्यात ऐनचा घशातला उच्चार उरलेला नाही, त्यामुळे दोन्ही सख्खी भावंडं वाटतात. मुळं वेगळी, अर्थही वेगळे.

आमिर म्हणजे आबाद, नांदता, भरभराटीचा. उमर आणि अम्मार ही नावं याच मुळाची, ‘उम्र’ म्हणजे आयुष्यही तिथलंच. आपण रोज वापरतो तो ‘इमारत’ हा शब्दसुद्धा याच घरचा. ओसाड जागी वस्ती होणं, घर उभं राहणं, आयुष्य लाभणं, एवढं सगळं या नावाच्या पोटात आहे. घरात आजोबा उमर असतील तर नातू आमिर, याहून चांगली जोडी मला सुचत नाही.

या नावामागची माणसंही मोठी. आमिर इब्न फुहैरा यांना प्रेषित मुहंमदांचे सोबती अबू बक्र यांनी गुलामीतून सोडवलं. ६२२ च्या हिजरतीत, म्हणजे मक्केहून मदिनेला जाताना, प्रेषित आणि अबू बक्र मक्केजवळच्या सौर डोंगरातल्या गुहेत थांबले होते, तेव्हा हे आमिर मेंढरं तिकडे वळवत. गुहेत दूध पोचायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पावलांचे ठसे कळपाच्या खुरांखाली बुजायचे, असं परंपरेत सांगतात. शामच्या (सीरिया आणि आसपासचा प्रदेश) मोहिमेचे सेनापती अबू उबैदा यांचंही मूळ नाव आमिरच.

अमीरचं मूळ ‘अम्र’, म्हणजे हुकूम. अमीर म्हणजे हुकूम देणारा, सरदार, राजपुत्र. खलिफांना अमीरुल मोमिनीन, म्हणजे श्रद्धावंतांचा अमीर, म्हणत, कतार आणि कुवेतचे शासक आजही अमीर आहेत. आपल्या ‘अमीर-उमराव’मधला उमराव हे अमीरचंच अनेकवचन, मीर हे त्याचं आखूड रूप आणि मिर्झा म्हणजे अमीरजादा, अमीराचा मुलगा. थोडक्यात, ही मुळात पदवी. कवी अमीर खुस्रोंच्या नावातही ती पदवी म्हणूनच आली. नाव म्हणून ती रुळली नाही असं मात्र नाही: इराणात अमीर-हुसैन, अमीर-अली अशी जोडनावं घरोघरी आहेत, आणि इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ तर आपल्या रसिकांच्या घरचेच.

अडचण आहे ती इथली. मराठी-हिंदीत अमीर म्हटलं की श्रीमंत हाच अर्थ डोक्यात येतो. शाळेत पोराला ‘गरीब-अमीर’वरून चिडवणं ठरलेलंच.

म्हणून माझा कौल आमिरला. अर्थ भरभराटीचा आहे आणि तो कुणावर हुकूम गाजवत नाही. मोठी बहीण अमीरा असेल किंवा घराण्यात मीर-मिर्झा चालत आले असतील, तरच मी अमीरकडे वळेन.

आमिर घेतलंत तर लिहिताना जपा. मराठी शुद्धलेखनाच्या सवयीने शेवटून दुसरं अक्षर दीर्घ होतं आणि ‘आमीर’ छापलं जातं. अभिनेता आमिर खानचं नावही वर्तमानपत्रांत असंच दिसतं. इंग्रजीत सुरुवातीला दोन ‘ए’ घाला, नाहीतर तिथे दोन्ही नावं एकच होतात. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असली तरी नाव नंतर घालता येतं, त्यामुळे घाई नको. जाणत्या माणसाकडून उर्दूत ऐनने लिहून घ्या आणि जन्मदाखल्यावरचं स्पेलिंग आधार, शाळा, पासपोर्ट सगळीकडे तेच ठेवा.