ओसेल्टामिविर वृद्धाश्रमासाठी: औषध उत्तम, पण नुसत्या ७५ मिग्रॅच्या पट्ट्या भरून ठेवू नका

फ्लुवीर, अँटिफ्लू, टॅमिफ्लू या नावांनी मिळणारं हे औषध फ्लूच्या साथीत खरोखर उपयोगी पडतं. ७५ मिग्रॅच्या १० कॅप्सूल म्हणजे एका रुग्णाचा पूर्ण कोर्स: सकाळ-संध्याकाळ एक, ५ दिवस. पहिला डोस लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत गेला तर सर्वांत चांगलं. पण आजी-आजोबांच्या बाबतीत त्यानंतरही द्यावं. अडचण अशी की या वयात ताप येईलच असं नाही. अचानक बरळणं, तोल जाऊन पडणं, जेवण नाकारणं एवढ्यावरच शंका घ्यावी लागते. रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून थांबू नका, ती बरेच रुग्ण चुकवते. आरटी-पीसीआरला नमुना पाठवा आणि डॉक्टरांना विचारून औषध सुरू करा.

खरी गफलत होते ती मात्रेत. ८० वर्षांच्या, ५० किलोच्या आजींचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.० आलं की रिपोर्ट ‘नॉर्मल’ म्हणून बाजूला ठेवला जातो. हिशेब करा: (१४० − वय ८०) × वजन ५० ÷ (७२ × क्रिएटिनिन १.०) × ०.८५ (हे फक्त स्त्रियांसाठी) = सुमारे ३५ मिली/मिनिट. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता ३० ते ६० मध्ये असली की उपचाराला ३० मिग्रॅ दोनदा पुरते. ७५ दोनदा दिलं तर अडीचपट औषध अंगात जातं. म्हणून निम्मा साठा तरी ३० मिग्रॅचा हवा, आणि प्रत्येकाचं वजन-क्रिएटिनिन पावसाळ्याआधीच फाईलला लावलेलं हवं. साथीच्या धावपळीत ते शोधत बसणं परवडत नाही.

७२ तासांत दोघे आजारी आणि त्यातल्या एकाची फ्लूची टेस्ट पॉझिटिव्ह, म्हणजे साथ धरा. मग उरलेल्या सगळ्यांना, लस घेतलेल्यांनासुद्धा, दिवसातून एकदा प्रतिबंधक डोस: किमान १४ दिवस, आणि शेवटचा नवा रुग्ण सापडल्यानंतर ७ दिवसांपर्यंत. ४० जणांच्या आश्रमात २ रुग्णांना २० आणि ३८ जणांना ५३२ कॅप्सूल लागतात. लस न घेतलेल्या मावशी-मामांचा, म्हणजे सेवा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा, विचार करायचा तो वेगळाच. एवढा साठा कपाटात नको, पण पहिल्या ३ दिवसांचा घरात आणि उरलेल्याची मेडिकलवाल्याशी बोलणी आधीच हवीत. औषध शेड्यूल एच-१ मध्ये आहे. चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि विक्रीची रजिस्टरला नोंद होते. रविवारी रात्री धावून उपयोग होत नाही.

मळमळ आणि उलटी हा मुख्य त्रास. पोटात काही असताना दिलं की कमी होतो. गिळता येत नसेल तर कॅप्सूल उघडून पूड गुळाच्या दाट पाण्यात कालवा, कारण ती कडू असते. मधुमेह्यांना साखरविरहित चॉकलेट सिरप. कालवलेलं सगळं लगेच संपवायचं, अर्धं संध्याकाळसाठी ठेवायचं नाही.

प्रतिबंधक डोसवर ३ दिवस उलटून गेल्यावरही कुणी आजारी पडलं तर त्याला उपचाराच्या मात्रेवर न्या, वेगळ्या खोलीत ठेवा आणि नमुना पुन्हा तपासा. विषाणू औषधाला दाद देत नसण्याची शक्यता असते.