बागेसाठी घेतलेला जुना जेसीबी

संगमेश्वर तालुक्यात आमची चौदा गुंठे जागा, सगळी उताराची. घर झालं, आता तीन टप्पे पाडून खाली बाग आणि वर आंब्याची कलमं लावायची होती. गावातला जेसीबीवाला तासाला १,३०० रुपये म्हणाला. ६० तासांचं काम, म्हणजे ७८,०००. जांभा लागला तर दगड फोडणाऱ्या ब्रेकरचे वेगळे. लाखाच्या आत सगळं होणार होतं.

मला मात्र लाख रुपये नुसत्या भाड्यात जातात याचीच चुटपूट लागली. त्यात फोनवर जाहिरात दिसली: २०१६ चं मशीन, मीटरवर ४,२०० तास, साडेसहा लाख. विकणारा म्हणाला, "काका, तुमचं काम झालं की गावात भाड्याने लावा, वर्षात पैसे सुटतील."

त्याच्या हिशेबात ऑपरेटरचा पगार नव्हता. तासाला चार-पाच लिटर डिझेल, विमा, टायर, हायड्रॉलिकचे पाइप, काहीच नव्हतं. कोकणात पावसाळ्याचे चार महिने मातीकाम बंद असतं, हे तर मलाच त्याला सांगता आलं असतं. मी बोललो नाही, कारण तोवर मशीन मनात भरलं होतं.

यार्डात पोचलो तेव्हा इंजिन आधीच गरम होतं. रंग ताजा होता. चालू झालं, बकेट वरखाली झाली, मी खूश. मशीन गावी आल्यावर फिटरने बूम, म्हणजे मशीनचा लांब हात, हलवून दाखवली, तर सांध्यातल्या पिना आणि बुश खडखडत होते. पेडलचं रबर पार गुळगुळीत झालेलं. "हे दहा हजार तासांच्या पुढचं आहे, मीटर बदललाय," तो म्हणाला. थंड इंजिन आपल्यासमोर चालू करायला लावा आणि सोबत असा एक फिटर न्या. त्याला हजार-दोन हजार द्यावे लागले तरी द्या.

खरा घाव पुढे होता. सहा लाख मी दिले होते, पन्नास हजार गाडी नावावर झाल्यावर द्यायचे ठरलं होतं. आरसीचा फोटो आणि फायनान्स कंपनीची एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं ना-हरकत पत्र, विकणाऱ्याने व्हॉट्सॲपवर पाठवली होती. एकोणिसाव्या दिवशी त्याच कंपनीची माणसं कागद घेऊन दारात आली. हप्ते थकलेले, एनओसी बनावट. मशीन ट्रेलरवर चढवून घेऊन गेले. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर गाडीचा क्रमांक टाकला असता तर कर्जाचा बोजा तिथेच दिसला असता. खरी एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा काढण्याचा अर्ज) आरटीओत देऊन बोजा उतरेपर्यंत इसारसुद्धा देऊ नका. ते पैसे माझ्या वडिलांच्या ठेवीतले होते, त्यांना सांगायला मला चार दिवस लागले.

टप्पे शेवटी गावातल्याच जेसीबीवाल्याने ५४ तासांत पाडले. रोज सुरुवातीला आणि शेवटी मी मीटरचा फोटो काढायचो, येण्याजाण्याचा वेळ धरायचा की नाही ते आधीच बोलून घेतलं होतं. त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पोलिसांत गुन्हा नोंदवलाय. विकणाऱ्याचा नंबर बंद आहे. ठाण्यात कळलं की त्याच मशीनवर आणखी दोघांनी इसार दिला होता. त्यातले एकजण निवृत्त शिक्षक, त्यांनाही घरामागची जागाच सपाट करायची होती.