टॉम रॉबिन्सनची साक्ष आणि ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’

हार्पर ली यांची ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. अमेरिकेतील अलाबामा राज्यातले मेकोम्ब हे काल्पनिक गाव, १९३०च्या दशकातली मंदी आणि त्या गावात आईविना वाढलेली, मोठेपणी आपले बालपण सांगणारी स्काउट, एवढी तिची पार्श्वभूमी आहे. तिचे वडील, वकील अ‍ॅटिकस फिंच, एका गोऱ्या तरुणीवर बलात्कार केल्याचा आळ आलेल्या टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुराचे वकीलपत्र चालवतात.

अ‍ॅटिकसच्या धैर्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते रास्तही आहे. मला मात्र या पुस्तकातला सर्वांत धीराचा माणूस टॉम वाटतो. तरुणीच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला जखमा आहेत, तिचा बाप डावखुरा आहे आणि टॉमचा डावा हात लहानपणीच कापसाच्या जिनात सापडून निकामी झालेला आहे, हे भर न्यायालयात सिद्ध होते. तरीही उलटतपासणीत, तिची कामे फुकट का करून दिलीस, असे विचारले जाते, तेव्हा तो खरे तेच सांगतो: मला तिची कीव आली. काळ्या माणसाने गोऱ्या बाईची कीव करावी, हे तिथल्या गोऱ्या ज्यूरीला सहन होणे शक्यच नव्हते, आणि सरकारी वकील नेमका तोच शब्द पकडतो. हे प्रकरण लेखिकेने विलक्षण संयमाने लिहिले आहे.

टॉमच्या बायकोला, हेलनला, कोणी काम देत नाही. तेव्हा कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये रेव्हरंड साइक्स दारे लावून घेतात आणि दहा डॉलर जमेपर्यंत कोणालाही बाहेर सोडत नाहीत. या माणसांच्या घरांत कथा याहून अधिक वेळ थांबायला हवी होती. सारे गोऱ्या मुलीच्या नजरेतून येत असल्यामुळे हेलनचे दुःख आपल्याला दुरूनच दिसते, आणि ही मला कादंबरीची खरी उणीव वाटते.

संवादांत त्या काळचे वर्णद्वेषी अपशब्द जसेच्या तसे आहेत. त्यामुळे आठवी-नववीच्या मुलांना हे पुस्तक जरूर द्यावे, पण खटल्याची प्रकरणे त्यांच्यासोबत बसून वाचावीत.