मुंबई महापालिकेच्या बिल्डिंगचा हेरिटेज वॉक: इमारत भरपूर बघायला मिळाली, महापौर राहून गेले

किती वर्षं झाली सीएसएमटीला उतरून समोरच्या महापालिकेच्या बिल्डिंगकडे बघतोय, पण आत कधी गेलो नव्हतो, काम पडलं तर आपण वॉर्ड ऑफिसलाच जातो ना. त्यामुळे आतून दाखवणारा वॉक आहे कळल्यावर लगेच बुक केला आणि भाच्याला घेऊन गेलो, तो एमपीएससीचा अभ्यास करतोय, म्हटलं पुस्तकात वाचतोस ते एकदा डोळ्यांनी बघ.

इमारतीबद्दल बोलायचं तर पैसे वसूल. पायाभरणी १८८४ ला झाली, काम १८९३ ला पूर्ण, आणि आर्किटेक्ट फ्रेडरिक स्टीव्हन्स, म्हणजे समोरचं व्हीटी, आताचं सीएसएमटी, ज्याने केलं तोच. वर पंख असलेली जी बाई आहे ती म्हणजे मुंबई शहर, हे मला या वयात कळलं, इतकी वर्षं मी तिला परी समजत होतो. गाईड मुलगी तयारीची होती, कमानी, दगड, रंगीत काचा सगळं नीट थांबून दाखवलं, कोणी काही विचारलं तर घाई केली नाही. फक्त ग्रुप मोठा होता आणि माईक नव्हता, मागे राहिलात तर अर्धं ऐकूच येत नाही, तेवढं आयोजकांनी बघावं.

सभागृहात महापौरांच्या खुर्चीसमोर उभं राहिल्यावर भाच्याने विचारलं, मामा, मग मोठं कोण, महापौर की आयुक्त? प्रश्न एकदम बरोबर होता आणि गाईडने उत्तरही छान दिलं. आयुक्ताची खुर्ची आधीची, १८६५ ला आर्थर क्रॉफर्ड पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले, तेच क्रॉफर्ड मार्केटवाले. त्यांनी शहर सुधारलं पण खर्च इतका केला की १८७१ मध्ये कर भरणारे लोक भडकले, आणि त्या गदारोळात तरुण फिरोजशहा मेहता उभे राहून म्हणाले की दोष एकट्या माणसाचा नाही, व्यवस्थाच बदला, लोकांनी निवडलेले सभासद आत आणा. पुढच्याच वर्षी नवीन कायदा आला. मग १८८८ चा कायदा, तो आजही चालू आहे, आणि त्यात कारभाराचा अधिकार आयुक्ताकडेच आहे, जो सरकार नेमतं. महापौर हा शहराचा प्रथम नागरिक, सभा चालवतो, मान मोठा, पण हुकूम आयुक्ताचा. भाच्याने वहीत लिहून घेतलं.

पण त्यानंतर महापौर दोन मिनिटांत उरकले, आणि मला वाईट वाटलं ते इथेच. १९३१ पर्यंत या पदाला प्रेसिडेंट म्हणायचे, मग महापौर झालं आणि पहिले महापौर बोमन बेहराम, एवढं सांगून आम्ही पुढच्या जिन्याकडे. अहो, १९५६ ला सुलोचना मोदी पहिल्या महिला महापौर झाल्या, १९५८ ला मिरजकर, जे मीरत कटाच्या खटल्यात, म्हणजे इंग्रजांनी कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवर भरलेल्या खटल्यात, जेल भोगून आलेले कम्युनिस्ट, ते इंग्रजांनी बांधलेल्या या सभागृहात महापौर म्हणून बसले. स. का. पाटील तर लागोपाठ तीनदा. त्या काळी महापौर एक वर्षासाठी असायचा, आताची अडीच वर्षं नंतर आली.

आणि युसुफ मेहेरअली! त्यांचं नावसुद्धा आलं नाही. १९४२ ला मुंबईने तुरुंगात असलेल्या माणसाला महापौर केलं, वय अडतीस, तोपर्यंतचे सगळ्यात तरुण महापौर. 'सायमन गो बॅक' त्यांचं, 'क्विट इंडिया' हे शब्दही त्यांनीच दिलेले. म्हणजे ऑगस्टमध्ये गवालिया टँक मैदानावर 'क्विट इंडिया'चा ठराव झाला तेव्हा या शहराचा महापौर तो माणूस होता ज्याने ती घोषणा दिली, आणि मग सरकारने त्यांना परत आत टाकलं. तब्येत खचली ती खचलीच, १९५० ला गेले, सत्तेचाळीस पण पूर्ण नव्हते. मी हे जिन्यात भाच्याला सांगत होतो तर मागच्या दोन काकू थांबल्या, म्हणाल्या जरा मोठ्याने सांगा ना, आम्हालाही ऐकायचंय.

वॉक संपल्यावर गाईडला बाजूला घेऊन बोललो, तिने मनापासून ऐकलं आणि नाव मोबाईलमध्ये टाईप करून घेतलं, त्यामुळे तक्रार म्हणून नाही लिहीत. जायचं असेल तर जरूर जा, फक्त गाईडच्या जवळ उभे राहा, आणि सभागृहात पोहोचलात की मेहेरअलींबद्दल तुम्ही विचारा. बाहेर पडल्यावर फिरोजशहांचा पुतळा समोरच आहे, आम्ही तिथे दहा मिनिटं थांबलो, भाचा म्हणाला मामा, रोज इथून जातो आणि कधी नाव पण वाचलं नव्हतं.