जर्मन लावावी की जपानी? परभणी-लातूरकडच्या पोरापोरींसाठी

बारावी झाली, नर्सिंग झालं, डिप्लोमा झाला की आमच्याकडं आता एकच प्रश्न, ताई जर्मन लावू का जपानी? परभणीत मला आठवड्याला दोघं-तिघं तरी विचारायलेत. मी जर्मन बी-टू पर्यंत केली, जपानीची एन-फाइव्ह दिली आणि सध्या जर्मन शिकवायचं ट्रेनिंग घ्यायलेय, म्हणून दोन्हीकडचं सांगते. (जर्मनच्या पायऱ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा वर चढतात, जपानीत उलटं, एन-फाइव्ह सगळ्यात खालची आणि एन-वन सगळ्यात वरची.) आतेभाऊ संभाजीनगरला जपानी एन-फोर करायलाय, त्याचं पण यात आहे.

आधी एक भीती डोक्यातून काढा, "माझं इंग्रजी कच्चं आहे, मग ही कशी जमणार". अहो, या दोन्ही भाषांना इंग्रजीपेक्षा मराठी जास्त कामाला येते, पण हे क्लासमध्ये कुणी सांगत नाही कारण क्लास इंग्रजीतून चालतात आणि आपली गावाकडची पोरं पहिल्याच आठवड्यात खाली मान घालून बसतात.

जपानीचं वाक्य बघा. "मी भात खातो" म्हणजे "वाताशी वा गोहान ओ ताबेमास". आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद, आपल्यासारखंच. "बसने" मधल्या "ने"च्या जागी "दे", "पुण्याला" मधल्या "ला"च्या जागी "नि", आणि तेही शब्दाच्या मागंच चिकटतात. प्रश्न विचारायला शेवटी काय लावायचं? "का"! "इकिमास का?" म्हणजे "जाता का?". "छान आहे ना" मधल्या "ना"ला तिथं "ने". "रामचं पुस्तक" हे "रामु नो होन", आणि हा "नो" आपल्या चा-ची-चे सारखा बदलत पण नाही. त्सुनामीतला "त्सु" अवघड म्हणतात, आपल्याला चुलीतला "चु" म्हणलं की झालं. नेटवर जपानीला 2200 तास लागतात असा आकडा फिरतो ना, तो अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या ट्रेनिंग संस्थेचा, इंग्रजी बोलणाऱ्या माणसांसाठी काढलेला आहे, त्याला बघून घाबरू नका.

पण लिपी वेळ खाते, हे खरं आहे. हिरागाना आणि काताकाना या उच्चारावरून लिहायच्या दोन लिप्या, 46-46 अक्षरांच्या, ते महिन्याभरात होतं. मग कांजी, म्हणजे एकेका अर्थासाठी असलेली चिनी चिन्हं. रोजच्या वापराच्या म्हणून जपान सरकारनं ठरवलेल्या 2136, त्यातल्या एन-फोरला साधारण 300 लागतात असं धरतात. आतेभावाकडं गणिताची चौकटीची वही आहे, एका चौकटीत एक कांजी, "खाणे"ची कांजी वर छपरासारखी, एकूण नऊ रेघा, आणि कुठली रेघ आधी कुठली नंतर हे पण ठरलेलं. एका पानावर तीच ती, रोज पहाटे, चहाच्या आधी. दोन दिवस वही बंद राहिली की निम्म्या विसरतो, हे तोच सांगतो. ज्याला असं गुपचूप बसून गिरवायला आवडतं त्याचं तिथं भलं होतं.

जर्मनला लिपीचा त्रास नाही, त्रास आहे तो देअर-डी-दासचा, म्हणजे नामाच्या आधी लिंगाप्रमाणं लावायच्या शब्दांचा. पण तो-ती-ते आपल्याकडं जन्मापासून आहे की! "दास किंड" म्हणजे "ते लेकरू", दोन्हीकडं नपुंसकलिंगी. चमचा आपला "तो", जर्मन "देअर ल्योफल" पण तो. सुरी मात्र आपली "ती" आणि त्यांचं "दास मेसर" ते, म्हणून प्रत्येक शब्द लिंगासकट पाठ करावाच लागतो, त्याला शॉर्टकट नाही.

ट्रेनिंगमधला माझा तिसरा का चौथा पाठ होता, डाटिव, म्हणजे आपल्या "ला"सारखी विभक्ती, शिकवायचा होता. मागच्या बाकावर ट्रेनर बसलेले, नियम असा की वर्गात फक्त जर्मन. मी फळ्यावर तक्ता काढला, दोनदा समजावलं, पोरं शांत. शेवटी राहवलं नाही, मराठीत लिहिलं, "लेकरू" आणि खाली "लेकराला". विचारलं, "ला" लावल्यावर शब्द मधनं का बदलला? एक मुलगी म्हणली मॅडम तसंच असतं. मग म्हणलं, जर्मनमध्ये पण तसंच असतं, फक्त शब्दाच्या आधीचं "दास" बदलून "देम" होतं, दास किंड, देम किंड. वर्गात आवाज सुरू झाला, पोरं स्वतःहून वाक्यं करायला लागली. नंतर मला शेरा मिळाला की मातृभाषेचा वापर कमी करा. बाकी वेळ मी पाळते, कारण कान तयार व्हायला जर्मन ऐकावीच लागते, पण व्याकरणाच्या गाठीशी दोन मिनिटं मराठी बोलले तर बिघडत नाही हे माझं मत पक्कं आहे.

आता परीक्षा, इथं दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जपानीची जेएलपीटी, म्हणजे एन-फाइव्ह ते एन-वनची परीक्षा, वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. सगळे पर्याय निवडायचे प्रश्न, लिहायचं नाही, बोलायचं तर अजिबात नाही. त्यामुळं एन-फोर पास झालेली पोरं मुलाखतीत स्वतःचं नाव-गाव सांगताना अडखळतात, म्हणून जपानी घेतली तर बोलायची प्रॅक्टिस वेगळी करा. जर्मनच्या ग्योटे संस्थेच्या परीक्षेत वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं चारही असतं, बी-वनला समोर एक जोडीदार बसवतात आणि दोघांनी मिळून एखादा बेत ठरवायचा असतो. बी-वन, बी-टूला चारही भागांत प्रत्येकी 60 टक्के लागतात, राहिला तर तेवढाच भाग परत देता येतो. फी मात्र जपानीच्या कितीतरी पट. सेंटर दोन्हीला पुणे-मुंबई धरून चला, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जायचं, स्टँडवर तोंड धुवायचं आणि पेपरला बसायचं, मी असंच केलं, शक्य असेल तर आदल्या दिवशी जाऊन कुणाकडं तरी मुक्काम करा, अर्धवट झोपेत ऐकण्याचा पेपर हातचा जातो.

नोकरीचं थोडक्यात. नर्सिंग झालेलं असेल तर जर्मन, पण तिथं नर्स म्हणून पूर्ण मान्यतेला साधारण बी-टू लागते, सहा महिन्यांत जर्मनी म्हणणाऱ्या क्लासला पैसे देऊ नका, आमच्या शहरातल्या अशाच एका क्लासनं माझ्या मैत्रिणीला नुसती उत्तरं पाठ करायला लावली आणि ती बोलण्याच्या परीक्षेत दोनदा राहिली. जपानमध्ये 2019 पासून कुशल कामगारांचा वेगळा व्हिसा आहे, त्यातल्या बहुतेक कामांना एन-फोर किंवा तेवढ्याच पातळीची जेएफटी परीक्षा चालते, वर त्या कामाची परीक्षा. पण त्याच्या पहिल्या प्रकारात साधारण 5 वर्षंच राहता येतं आणि बायको-मुलं नेता येत नाहीत, लग्न झालेल्यांनी हे घरी बसून नीट बोलून घ्यावं. गाव सोडायचंच नसेल तर संभाजीनगरकडं बघा, अजिंठा-वेरूळला जपानी पर्यटक येतात, आणि टोयोटा-किर्लोस्करनं 2024 मध्ये तिथल्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केलाय.

शिकवायचं असेल तर? जर्मनच्या शाळा आणि क्लास जास्त, पण 2014 मध्ये केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून असलेली जर्मन एका निर्णयानं गेली, तेव्हा नुसत्या शाळेच्या भरवशावर राहू नका. जपानीचे शिक्षक आपल्या भागात कमी, म्हणून जो चांगला शिकवेल त्याला काम मिळेल असं मला वाटतं, पण त्यासाठी एन-टू तरी हवी, आणि त्याला वर्षं जातात.

तरी ठरत नसेल तर पैसे भरायच्या आधी आठवडाभर हे करा. सकाळी चौकटीच्या वहीत रोज दहा हिरागाना गिरवा. संध्याकाळी आरशासमोर उभं राहून तोंडातनं "ई" म्हणत ओठ "ऊ"सारखे गोल करा, जर्मनचा ü (यू-वर दोन टिंबं) हा स्वर असाच निघतो, आणि मग घरातल्या दहा वस्तूंची नावं लिंगासकट मोठ्यानं म्हणा. सातव्या दिवशी कुठलं न सांगता केलं ते बघा, आणि तोच क्लास लावा.